श्रावक म्हणजे ऐकणारा

भगवान महावीरांना वैशाख शुद्ध दशमीला केवलज्ञान झाले. इंद्राने समवसरणाची रचना केली. देव, मनुष्य, पशुपक्षी आपापल्या कोठ्यांत येऊन बसले. परंतु भगवंतांचा दिव्यध्वनी प्रकट झाला नाही. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, दिगंबर परंपरेप्रमाणे तब्बल ६६ दिवस. ज्ञानात उणीव नव्हती, सभेत गर्दीचीही उणीव नव्हती. उणीव होती ती वाणी झेलून धारण करू शकेल अशा एका श्रोत्याची. पुढे इंद्रभूती गौतम वादात जिंकण्याच्या ईर्ष्येने आले, मानस्तंभ दृष्टीस पडताच त्यांचा अभिमान गळून गेला, ते पहिले गणधर झाले आणि राजगृहीच्या विपुलाचलावर दिव्यध्वनी प्रकटला.

ही कथा आपण वर्षानुवर्षे प्रवचनात ऐकतो, गौतमस्वामींच्या भाग्याचे कौतुक करतो आणि घरी जातो. मला मात्र अलीकडे ती ऐकताना आपल्या पेढीची गादी डोळ्यांसमोर येते. एवढ्या थोर प्रसंगावरून हळदीच्या अडतीकडे वळणे धिटाईचे आहे, हे मी जाणतो. पण ऐकणारा नसेल तर जिथे तीर्थंकरांचीही वाणी प्रकट होत नाही, तिथे आपल्या दिवाणजींची, हमालाची, भागीदाराची किंवा नुकत्याच गादीवर बसू लागलेल्या मुलाची कोठून व्हावी?

'श्रावक' हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून आला आहे. व्रते पाळणारा, देवदर्शन केल्याशिवाय अन्न न घेणारा, दान देणारा हे सारे अर्थ आपण त्या शब्दाला जोडले आणि ते योग्यच आहेत. परंतु मूळ अर्थ ऐकणारा एवढाच आहे. दशलक्षण पर्वातले दहा दिवस आपण सतरंजीवर मांडी घालून दोन-दोन तास ऐकतो. अकराव्या दिवशी सकाळी पेढी उघडते, दिवाणजी काहीतरी सांगू लागतात आणि तेच कान बंद होतात. 'थोडक्यात सांगा', 'पुढचं बोला', 'आकडा काय तो सांगा' ही तीन वाक्ये सांगलीच्या मार्केट यार्डात मी कितीतरी दुकानांत ऐकली आहेत, आणि इतरांपेक्षा अधिक वेळा स्वतः उच्चारली आहेत.

आपल्याला ऐकताच येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. जुन्या पिढीत हळदीचे आणि गुळाचे सौदे रुमालाखाली होत. दोन माणसांचे हात कापडाखाली, तोंडातून शब्द नाही, बोटांच्या दाबावरून भाव ठरायचा. माझे वडील सांगत की, समोरच्याचे बोट किंचित थबकले तरी त्याच्या मनात आणखी किती रुपये शिल्लक आहेत, हे कळत असे. गिऱ्हाइकाच्या आवाजातला चढउतार, दलालाच्या बोलण्यातली अडखळ, शेतकऱ्याची घाई हे सारे आपल्याला अचूक ऐकू येते. मग प्रश्न असा की, इतका तीक्ष्ण कान आपण केवळ भावासाठी राखून का ठेवला? ज्या माणसांबरोबर दिवसाचे दहा तास जातात, त्यांच्यासाठी तो बोथट कसा झाला?

हे मी उपदेशाच्या पवित्र्याने लिहीत नाही. मला याची किंमत चार गाड्या हळद एवढी मोजावी लागली आहे.

आमच्याकडे एक दिवाणजी आहेत. तेव्हा त्यांना पेढीवर १९ वर्षे झाली होती. रोजकीर्द मोत्यासारख्या अक्षरात लिहिणारे, पैचीही चूक न करणारे. दोष एकच, कोणतीही गोष्ट ते फार लांबून सुरू करतात. चेक परत आला आहे हे सांगायचे असेल, तर आरंभ त्या दिवशी बँकेत किती गर्दी होती येथपासून होतो. परराज्यातील एक खरेदीदार आमच्याशी ११ वर्षे व्यवहार करीत होता. एके दिवशी दिवाणजी म्हणाले, "मालक, त्यांच्याकडचं पत्रावरचं अक्षर बदललंय. जुना मुनीम दिसत नाही आता." मी विचारले, "पैसे आले का?" पैसे आले होते. विषय संपला. पंधरवड्याने ते पुन्हा आले. गाडीवानाशी त्यांचे बोलणे झाले होते. माल नेहमीच्या गोदामात न उतरता दुसऱ्याच कोणाच्या वखारीत उतरत होता. मी फोनवर होतो. हातानेच 'नंतर' अशी खूण केली. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा दिवाळीची पूजा तोंडावर होती. "सोमवारी बोलू," मी म्हणालो. कोणत्या सोमवारी, हे दोघांनीही ठरवले नाही.

दोन महिन्यांनी त्या खरेदीदाराने दुकानाला कुलूप लावले. चार गाड्यांचे पैसे बुडाले. त्या दिवशी सर्वांसमक्ष मी दिवाणजींवर ओरडलो, "तुमच्या लक्षात आलं होतं तर मला आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, "तीनदा आलो होतो, मालक. तुम्ही आकडा विचारलात. आकडा त्यात नव्हता."

या एका वाक्याने मला जे शिकवले, ते आधीच्या २५ वर्षांच्या व्यापाराने शिकवले नव्हते. वाईट बातमी प्रथम येते तेव्हा तिला आकडा नसतो. बुडणाऱ्या पेढीचे पहिले चिन्ह खातेवहीत उमटत नाही. ते बदललेल्या अक्षरात, गाडीवानाच्या सहज बोलण्यात, नेहमी चहा पाजणाऱ्याने न पाजलेल्या चहात असते. खातेवहीत ते दिसू लागते तेव्हा करण्यासारखे फारसे उरलेले नसते. आणि ही चिन्हे मालकाला दिसत नाहीत, कारण मालक गादीवर असतो. पोत्यातला ओलावा हमालाच्या पाठीला कळतो. खरेदीदाराच्या गोदामाची अवस्था गाडीवानाला कळते. बाजारातील कुजबुज चहा आणणाऱ्या पोऱ्याला कळते. अनेकांतवाद समजावताना आपण हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टान्त इतक्यांदा देतो की तो गुळगुळीत झाला आहे. पण त्या दृष्टान्तात आपण स्वतःला नेहमी डोळस प्रेक्षकाच्या जागी ठेवतो. पेढीवर तसे नसते. तिथे मालकाच्या हातीही हत्तीचा एकच अवयव असतो, बहुधा शेपूट.

मराठीत एक सुंदर शब्दप्रयोग आहे, 'कानावर घालणे'. हाताखालचा माणूस वरच्याकडे येऊन 'तुमच्या कानावर घालून ठेवतो' म्हणतो, तेव्हा त्याने फार धैर्य गोळा केलेले असते. त्याची तक्रार नसते, मागणी नसते. जबाबदारीचा एक अंश तो आपल्याकडे सुपूर्द करीत असतो. तो आपण घेतला नाही, तर पुढच्या वेळी तो येत नाही. आणि तो येत नाही, याचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

आपल्या समाजात ज्यांना मोठे म्हणावे अशांची चरित्रे या दृष्टीने पुन्हा चाळून पाहण्यासारखी आहेत. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरला, सावकारी आणि कापसाचा व्यापार करणाऱ्या जैन घराण्यात झाला. वडिलोपार्जित व्यवसायात त्यांचे मन रमेना. त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्याचे ठरवले आणि भागीदार कोणाला निवडले? लक्ष्मणराव बळवंत फाटक यांना, जे पूर्वी रेल्वेत कारकून होते. सावकाराच्या मुलाने कारकुनाला नोकरीस ठेवणे ही सामान्य गोष्ट. त्याच्याशी भागीदारी करणे ही असामान्य. भांडवल एकीकडे होते, पण रेल्वेचे काम आतून कसे चालते, हे पाहिलेला माणूस दुसरा होता. त्याच्यापाशी आपल्याला नाही असे काही आहे, हे ओळखायचे तर आधी त्याचे बोलणे बरोबरीच्या नात्याने ऐकावे लागते. पुढे ती पेढी 'फाटक-वालचंद' या नावाने ओळखली गेली. नावात फाटक आधी आहेत, याकडे मी तरुणांचे लक्ष नेहमी वेधतो.

याच वालचंद शेठांची १९३९ मध्ये विमाननिर्मितीच्या धंद्यातील एका अमेरिकन गृहस्थाशी योगायोगाने ओळख झाली. त्या ओळखीतून १९४० च्या डिसेंबरात बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. अर्थात हे सारे केवळ ऐकण्यामुळे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. भांडवल, धाडस, युद्धकाळाची गरज, म्हैसूर संस्थानचे दिवाण मिर्झा इस्माईल यांचे पाठबळ, सारेच त्यात होते. तरीही प्रवासात भेटलेल्या माणसाला त्याच्या कामाविषयी विचारावे असे वाटणे, हा त्या साखळीतला पहिला दुवा होता. आपल्यापैकी बहुतेक जण प्रवासात वर्तमानपत्र उघडतात, आता मोबाइल.

दुसरे नाव कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. कुंभोजच्या जैन शेतकरी कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेल्या भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेपूर्वी किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम केले. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरते, अशी समजूत त्या काळच्या शेतकऱ्यांत होती. सुरुवातीला किर्लोस्करांचे नांगर खपत नव्हते ते त्यामुळेच. अशा मालाचा विक्रेता गावोगाव हिंडतो तेव्हा त्याला आधी भीती ऐकून घ्यावी लागते, मग भाव सांगता येतो. नांगर विकायला निघालेल्या या माणसाला गावागावांत शाळेवाचून राहिलेली मुले दिसली आणि १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी संस्थेचा आरंभ झाला. विक्रेत्याचा फेरा तोच, पण कानावर पडलेले त्याने कानामागे टाकले नाही.

आता आपली मुले गादीवर कमी आणि कार्यालयांत अधिक बसतात. पुणे, बंगळूर, हैदराबाद, काही परदेशी. हिशेबात ती तरबेज असतात, निर्व्यसनी असतात, कष्टाळू असतात; आणि तरीही काही वर्षांनी घरी येऊन सांगतात की, आपल्यापेक्षा कमी गुणांचा सहकारी वर गेला. पालक कार्यालयातील राजकारणाला दोष देतात. कधी ते खरेही असते. पण मी अशा चार-पाच मुलांशी सविस्तर बोललो तेव्हा एक गोष्ट जाणवली. आपल्या शेजारच्या मेजावरचा माणूस सध्या कोणत्या अडचणीत आहे, असे विचारले तर त्यांना सांगता येईना. काहींना त्या माणसाचे गावही ठाऊक नव्हते. मला हसू आले नाही, कारण १९ वर्षे माझ्याकडे काम करणाऱ्या दिवाणजींचे घर मी पाहिले नव्हते.

माझी पुतणी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कांदा-लसूण, कंदमुळे नसलेला तिचा डबा ही तिथे कुतूहलाची गोष्ट ठरली. पहिल्या वर्षी त्या प्रश्नांनी ती कंटाळत असे. मग तिने उलट विचारायला सुरुवात केली: तुमच्याकडे काय करतात, सणाला काय असते, डबा कोण देते? त्यांच्या गटात झारखंडचा एक तरुण होता, तयार झालेले काम तपासण्याचे त्याच्याकडे असे. सभांत तो एक शब्द बोलत नसे. वेगवान इंग्रजीत सगळे बोलत असताना त्याची पाळी येईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. डब्याच्या गप्पांत मात्र तो बोलू लागला. एकदा त्याने सहज सांगितले की, ग्राहकाचे पैसे भरण्याच्या टप्प्यावर विशिष्ट परिस्थितीत यंत्रणा अडकते. लेखी कळवले आहे, पण कोणी पाहिलेले नाही. पुतणीने दुसऱ्या दिवशीच्या सभेत तो मुद्दा मांडला, आणि मांडताना प्रथम त्याचे नाव घेतले. आपल्या अणुव्रतांत अचौर्य आहे. दुसऱ्याच्या डोक्यातून निघालेली गोष्ट आपल्या नावावर खपवणे ही चोरीच होय, हे आपण मुलांना सांगतो की नाही कोण जाणे. तिने ते पाळले. मालाची, म्हणजे त्या प्रणालीची, नाचक्की टळली. वर्षभराने गटाचे नेतृत्व तिच्याकडे आले, कारण कोण कुठे अडले आहे हे त्या मजल्यावर तिच्याइतके कोणाला माहीत नव्हते.

बढतीची बातमी सांगायला तिने फोन केला तेव्हा मी अभिनंदन केले. ती क्षणभर थांबून म्हणाली, "काका, पण मी हे सगळ्यांचं ऐकते ते बढतीसाठी ऐकते का? मलाच कधी कधी कळत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

हा प्रश्न सोपा नाही, आणि तो टाळून या विषयावर लिहू नये. व्यवहारकुशलतेची जी पुस्तके विमानतळावर विकली जातात, त्यांत समोरच्याचे नाव वारंवार घ्या, मान डोलवा, त्याचेच शेवटचे शब्द पुन्हा उच्चारा, असे उपाय दिलेले असतात. ते काही काळ चालतातही. पण माणसाला खोटे नाणे बोटांना कळते तसा खोटा रस कानाला कळतो.

अमेरिकेत याचा एक मोठा प्रयोग होऊन गेला. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता. टेलिफोनची सामग्री तिथे तयार होई. १९२४ पासून तिथे कामगारांच्या उत्पादनक्षमतेचा अभ्यास चालू झाला, आणि पुढे हार्वर्डचे एल्टन मेयो व त्यांचे सहकारी त्यात आले. १९२८ पासून कंपनीने कामगारांच्या मुलाखती सुरू केल्या. सुमारे दोन वर्षांत २० हजारांवर कामगारांशी बोलणे झाले. आरंभी मुलाखत घेणाऱ्यांपाशी तयार प्रश्न होते: देखरेख कशी आहे, कामाची जागा कशी आहे वगैरे. थोड्याच काळात त्यांच्या ध्यानात आले की, प्रश्नच आड येत आहेत. कामगार विचारलेल्याचे उत्तर देऊन पुन्हा आपल्या मनातल्या विषयाकडे वळत होता. तेव्हा त्यांनी प्रश्नावली बाजूला ठेवली. वाद घालायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, जे सांगितले जात आहे त्याबरोबर जे सांगता येत नाही त्याकडेही लक्ष द्यायचे, असा नियम केला. अर्ध्या तासाच्या मुलाखती तासावर जाऊ लागल्या. एका स्त्री कामगाराने उपाहारगृहातील जेवणाविषयी तक्रार केली होती. काही दिवसांनी तिने मुलाखत घेणाऱ्याचे आभार मानले, जेवण किती सुधारले म्हणून. प्रत्यक्षात स्वयंपाकात काहीही बदललेले नव्हते.

ही हकिगत व्यवस्थापनाच्या वर्गांत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. मला ती वाचून आनंदाबरोबर अस्वस्थताही वाटली. ऐकून घेतल्याने माणसाचे मन हलके होते हे खरे. पण जेवण तसेच ठेवून नुसते मन हलके करणे ही काय नीती झाली? टीकाकारांनी हा आक्षेप घेतला होता की, कामगाराला शांत ठेवण्याचे हे एक साधन आहे. पुढे महामंदी आली आणि त्याच कारखान्यातील हजारोंची कामे गेली. त्यांचे ऐकून घेतले गेले होते, एवढेच.

कषायांच्या चौकडीत क्रोध आणि मान यांच्यानंतर माया येते. मनात एक, वाणीत दुसरे आणि कृतीत तिसरे, हे मायेचे लक्षण. दशलक्षणात तिच्यावरचा उतारा तिसऱ्या दिवशी सांगितला जातो, उत्तम आर्जव, म्हणजे सरळपणा. लाभासाठी दाखवलेला रस ही माया आहे, मग ती कितीही गोड असो. पुतणीला मी एवढेच सांगितले: "ज्या माणसाकडून तुला काहीही मिळण्यासारखं नाही, त्याचं तू ऐकतेस का, ते बघ. सफाईवाल्या मावशींचं, नोकरी सोडून चाललेल्याचं. ऐकत असशील तर बढती आली काय नि न आली काय, तुझं ऐकणं खरं आहे." ती म्हणाली, "मावशींचा नातू दहावीला आहे. गणितात अडतो." मी पुढे काही विचारले नाही.

व्यापाऱ्याने लाभाची लाज बाळगावी असे मी म्हणत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात जीवांचे एकमेकांवरील उपकार सांगितले आहेत आणि मालक-सेवकांचे नाते हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. मालकाला लाभ, सेवकाला लाभ. त्यात पाप नाही. फक्त ऐकण्याच्या क्षणी लाभ मध्ये बसला की ऐकू येणे थांबते, हा माझा अनुभव आहे.

तो अनुभव असा. त्या नुकसानीनंतर मी ठरवले की, रोज संध्याकाळी अर्धा तास दिवाणजींबरोबर बसायचे. सूर्यास्तापूर्वी जेवण असल्याने मी साडेपाचला निघतो. त्याआधीचा वेळ पूर्वी भाव विचारण्याच्या फोनांत जात असे. फोन गल्ल्यात ठेवून मी बसलो. दिवाणजी गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. १९ वर्षे ज्याने 'थोडक्यात सांगा' ऐकले, तो एका दिवसात कसा बोलेल? आमच्याकडे ६६ दिवस लागले नाहीत, पण तीन आठवडे लागले. आणि बोलू लागले तेव्हा पेढीविषयी नव्हेच. गुडघेदुखी, मिरजेपलीकडच्या गावाहून दोन बस बदलून येणे, पत्नीचे औषध, भाड्याच्या घराची गळती. मी आतून चुळबुळत होतो. मला बाजाराच्या खबरी हव्या होत्या आणि ऐकावी लागत होती गळक्या छपराची कथा. म्हणजे मी अजूनही आकडाच शोधत होतो. ही चुळबुळ माझ्या ध्यानात आली त्या दिवसापासून मला खरे ऐकू येऊ लागले, असे म्हणता येईल. त्यांच्या सकाळच्या बसची वेळ कळल्यावर आम्ही पेढीवर येण्याची त्यांची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेली. छपराचे काम पावसाआधी झाले. बाजाराच्या गोष्टी मग आपोआप येत गेल्या, कधी औषधाच्या दुकानावरून, कधी बसमधल्या गप्पांवरून.

यात आपल्या व्यापारी स्वभावाची एक अडचण वारंवार आडवी येते, ती सांगितली पाहिजे. आपल्याला प्रत्येक गोष्टीचा हिशेब तिथल्या तिथे चुकता करायची सवय असते. हमाल म्हणाला, "पाठ धरलीय," की आपण दोनशे रुपये काढून देतो आणि दोन दिवस विश्रांती घे म्हणतो. दानही झाले, विषयही मिटला. आमच्या एका हमालाला मी असेच पैसे दिले होते. तो ते घेऊन उभाच राहिला. सुदैवाने त्या दिवशी मी विचारले, "आणखी काय?" तेव्हा त्याने सांगितले की, गाडीला लावायची नवी फळी आखूड आहे, चढ उभा होतो, चौघांच्या पाठी धरल्या आहेत. त्याला पैसे नको होते, लांब फळी हवी होती. 'आणखी काय?' या दोन शब्दांची किंमत दोनशे रुपयांहून अधिक आहे.

ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे, याची भीती अनेक मालकांना वाटते म्हणून लिहितो. दिवाणजींनी एका जुन्या ओळखीच्या माणसाला उधारी वाढवून द्यावी असे सुचवले. मी कारण सांगून नकार दिला. त्यांना वाईट वाटले नाही. ऐकून दिलेला नकार आणि न ऐकता दिलेला नकार यांतील भेद नोकरमाणसाला आपल्यापेक्षा चांगला कळतो. दुसरी भीती अधिक खरी आहे. मालक ऐकतो असे कळले की चुगलीखोर पुढे येतात. पैशून्य, म्हणजे पाठीमागे निंदा करणे, हे १८ पापस्थानांपैकी एक. आणि बोलणाऱ्याइतकेच ते ऐकणाऱ्याला चिकटते. मी एकच कसोटी लावतो. "हे त्यांच्यासमोर बोलाल का? बोलावू का त्यांना?" असे विचारतो. सांगण्यासारखे असेल तर माणूस हो म्हणतो. नसेल तर त्याला एकदम काहीतरी काम आठवते.

गेल्या वर्षी क्षमावणीच्या दिवशी सकाळपासून मोबाइलवर क्षमायाचनेचे संदेश येत होते. एकच चित्र ४० जणांकडून आले. मीही ते पुढे पाठवले, नाकारत नाही. दुपारी मात्र गाडी काढून मिरजेपलीकडे दिवाणजींच्या घरी गेलो. सर्वांसमक्ष ओरडलो होतो, त्याची क्षमा सर्वांसमक्ष मागायला हवी होती; ती मी पेढीवर आधीच मागितली होती. पण घर पाहायचे राहिले होते. त्यांच्या पत्नीने चहा केला. छप्पर कोरडे होते. निघायला तासभर अवकाश होता. दिवाणजींनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "एक कानावर घालायचं होतं, मालक."

"सांगा."

"त्याचं काय झालं, गेल्या आषाढात आमच्याकडे पाऊस असा लागला होता की…"

मी मांडी बदलून भिंतीला टेकून बसलो.